जुन्या थारच्या आडव्या सीटवर घरच्यांना बसवावं का?

विचारणारे भाऊ नागपूरचेच आहेत. २०१४ ची सेकंडहँड थार घेतली आहे. मागे समोरासमोर दोन आडव्या सीट आणि त्यांना बेल्ट नाहीत. घरात बायको, आई आणि सहा वर्षांची मुलगी. थंडीत सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचा बेत आहे. त्यांचे प्रश्न तीन: या सीट कायद्यात बसतात का, त्या सुरक्षित आहेत का, आणि नसतील तर बेल्ट लावून किंवा सीट पुढच्या दिशेला फिरवून घेतल्या तर चालेल का.

जीप, जिप्सी, थार, गुरखा याच गाड्यांच्या गॅरेजमध्ये माझा दिवस जातो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. सीट कायदेशीर आहेत, पण सुरक्षित नाहीत. बेल्टनं थोडा फरक पडतो. सीट फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि मुलीला तिथे बसवू नका, बेल्ट लावूनही नाही.

कायद्याचं आधी उरकतो, कारण लोकांना चलानची भीती अपघातापेक्षा जास्त असते. कंपनी गाडीचं मॉडेल तपासणी संस्थेकडून मंजूर करून घेते, त्यात सीट किती आणि कशा हेही आलं. तुमच्या गाडीला आडव्या सीट कंपनीनंच दिल्यात आणि आरसीवर आसनक्षमता नोंदलेली आहे. तेवढी माणसं बसवली तर आरटीओ किंवा ट्रॅफिक पोलीस सीटच्या दिशेवरून तुम्हाला काही म्हणू शकत नाही. बोलेरोच्या मागच्या दोन जंप सीट (दुमडता येणाऱ्या छोट्या सीट), स्कॉर्पिओ क्लासिकच्या नऊ सीटवाल्या गाडीतला मागचा भाग, ट्रॅक्स क्रूझर, सगळीकडे हीच व्यवस्था आहे. विदर्भातल्या काळी-पिवळीनं तर कित्येक वर्षं अख्खे तालुके असेच वाहून नेले. माणसं मोजण्याचा विषय तिथे कधी निघालाच नाही, ते सोडा.

बेल्टचा नियम मात्र नीट वाचण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३८ चा उपनियम ३ सांगतो की चालक, पुढच्या सीटवरचा माणूस आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरची माणसं, यांनी गाडी चालू असताना बेल्ट लावायचा. 'पुढे तोंड असलेल्या' हे शब्द नियमातच आहेत. म्हणजे आडव्या सीटवरचा मोठा माणूस या नियमाच्या कक्षेबाहेर राहतो. आपले लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, बेल्टची गरजच नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. त्याचा दुसरा भाग असा की चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा मुलांच्या खास सीटनं बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड. त्या भागात सीटच्या दिशेचा उल्लेखच नाही. शब्दाला शब्द धरून वाचलं, तर तुमची आई मागच्या सीटवर बिनबेल्टची बसली तर नियम गप्प, पण मुलगी बसली की तुम्ही दंडाला पात्र. मला स्वतःला हा फरक अगदी योग्य वाटतो.

बाहेर हा विषय कधीच संपला. युरोपीय संघानं २० ऑक्टोबर २००७ पासून नव्या प्रवासी कार आणि हलक्या मालवाहू गाड्यांत आडव्या सीट बसवायला बंदी घातली. लँड रोव्हर डिफेंडर ही या सीटची सगळ्यात गाजलेली गाडी. तिच्यातही त्याच वर्षी मागच्या आडव्या फळ्या गेल्या आणि पुढे तोंड असलेल्या सीट आल्या. जुन्या डिफेंडर तिकडे अजून चालतात, त्यांच्यावर गदा आली नाही. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण कंपन्या आपणहून मागे सरकल्या. २०२० ची नवी थार आली तेव्हा सुरुवातीच्या स्वस्त प्रकारात आडव्या सीट होत्या. पुढे तो प्रकार कंपनीनं बंद केला आणि पुढे तोंड असलेली थार तेवढी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, तिला पाचपैकी मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे दिले.

आता मुद्द्याचं. या सीटमध्ये वाईट काय आहे?

पुढे तोंड करून बसलेला माणूस धडकेच्या वेळी पुढे जातो. त्याला बेल्ट छातीवर आणि कमरेच्या हाडांवर धरतो. शरीर त्या दिशेला वाकायलाच बनलं आहे, हनुवटी छातीला टेकते, पुढे एअरबॅग असते. आडवा बसलेला माणूस त्याच धडकेत कुशीवर फेकला जातो. गाडीची समोरासमोरची धडक त्याच्या शरीरासाठी बाजूची धडक असते. डोकं एका खांद्याकडे झुकतं आणि मान आडवी ताणली जाते, तेही अडवायला काही नसताना. कारच्या दारात बाजूच्या धडकेसाठी निदान पत्र्याआड बीम असतो, नव्या गाड्यांत पडदा एअरबॅग असते. इथे तुमच्या आईच्या खांद्याशेजारी फक्त तुमच्या बायकोचं डोकं आहे.

आकडा सांगतो. गाडी ५० च्या वेगात आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण चौदापट जोर येतो. ६० किलोच्या माणसासाठी तो साडेआठशे किलोच्या आसपास. हातानं हँडल धरून कोणी हे थोपवू शकत नाही. 'मी घट्ट धरून बसतो ना भाऊ' म्हणणारा प्रत्येक जण मनात ब्रेकच्या झटक्याचा हिशेब करत असतो, धडकेचा नाही. बेल्ट नसला की तो सरळ पुढच्या सीटच्या पाठीवर जातो, म्हणजे तुमच्या पाठीवर. पुढे बेल्ट लावून बसलेला माणूस मागून आलेल्या माणसामुळे चेंगरतो.

मागून धडक बसली तर वेगळीच गंमत. आडव्या फळीच्या शेवटी बसलेल्या माणसाचा गुडघा आणि मागचं दार यांत वीतभर जागा. दाराबाहेर स्टेपनी लटकलेली. सेदान कारमध्ये त्या जागी डिकी असते आणि ती चेपली जाण्यासाठीच असते. इथे चेपली जाण्याच्या जागेत माणूस बसलेला आहे. गाडी उलटली तर कापडी टप किंवा फायबरचा टप माणसाला आत ठेवत नाही. उलटलेल्या गाडीतून बाहेर फेकला जाण्यापेक्षा आत बांधलेला असणं केव्हाही बरं.

मग ही सीट बनवलीच कशाला? तिचा जन्म लष्करी जीपमधला. फळी वर दुमडली की सामान ठेवायला जागा, खाली पाडली की माणसं. मागून पटकन चढता-उतरता येतं, पायाला जागा मिळते, छोट्या गाडीत जास्त जण मावतात. शेतात, खाणीत, कॅम्पच्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगानं फिरायला ही सोय उत्तमच आहे. घोळ झाला तो आपण तीच सीट हायवेवर नेली तेव्हा.

आणि तुमच्या बेताबद्दल मला हेच सांगायचं आहे. ऑफ-रोड गाडी म्हटलं की लोकांना दगड, नाला, चढ यांची धास्ती वाटते. तुमच्या सहलीत तसा रस्ता असलाच तर शेवटचे चार-दोन किलोमीटर. त्याआधी नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास चारपदरी डांबर, मग परतवाडा, मग घाट. कोंढाळीच्या पुढे तुम्ही नव्वदच्या वेगात असणार, ढाब्यासमोर ट्रक अर्धा रस्त्यावर उभा असणार, एखादा ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येणार. नव्वदच्या वेगातल्या गाडीत दहाच्या वेगातल्या गाडीपेक्षा ८१ पट ऊर्जा असते. दगडावर गाडी दहाच्या आत सरकते. धोका सगळा डांबरावर आहे. समृद्धीवर तर छोट्या गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. तिथे आडव्या सीटवर लेकरं खिडकीला नाक लावून बसलेली दिसतात तेव्हा मला हॉर्न वाजवून गाडी थांबवावीशी वाटते.

खडबडीत रस्त्यावर त्रास नाही असं मात्र समजू नका, तो फक्त वेगळ्या जातीचा आहे. जुनी थार किंवा जिप्सी गॅरेजला आली की मागच्या रोल बारवरचं, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या लोखंडी पाइपवरचं रेक्झिन बघा. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर केसांच्या तेलाचा काळपट पट्टा हमखास सापडतो. चाक खड्ड्यात गेलं की डोकं तिथे लागतं, दरवेळी. त्या पाइपवर जाड, दाट फोमचं पॅडिंग घाला. गादीचा मऊ फोम नको, तो एका फटक्यात दबतो. तीव्र चढावर आडवे बसलेले सगळे मागच्या दाराकडे घसरतात, उतारावर पुढच्या सीटवर येतात. त्यामुळे कठीण टप्पा आला की मागच्यांना खाली उतरवा, त्यांना चालत वर येऊ द्या. जाणते ड्रायव्हर हेच करतात. मागे बसून ज्यांना मळमळतं त्यांचंही खोटं नसतं. डोळ्यांना रस्ता बाजूला पळताना दिसतो आणि अंग पुढेमागे हलतं, त्याचा मेळ बसत नाही.

आता बेल्ट. आडव्या सीटला फक्त कमरेचा बेल्ट लावायचा, दोन ठिकाणी अडकणारा. खांद्यावरून येणारा बेल्ट इथे लावू नका. अंग कुशीवर जातं तेव्हा तो छातीऐवजी मानेत रुततो. कमरेचा बेल्ट माणसाला गाडीत ठेवतो, पुढच्याच्या पाठीवर जाऊ देत नाही, उलटल्यावर बाहेर पडू देत नाही. एवढं त्याचं काम, आणि ते कमी नाही. पण कमरेच्या वरचं धड तो मोकळंच सोडतो, त्यामुळे मानेचा आणि डोक्याचा धोका जागेवरच राहतो.

आणि बेल्ट म्हणजे पट्टा नव्हे, तो कुठे अडकवलाय ते महत्त्वाचं. आमच्याकडे एक गाडी आली होती, मालकानं कौतुकानं दाखवलं की मागे चार बेल्ट लावून घेतले. फळी उचलून पाहिलं तर बकलचा पाय लाकडी प्लायवर साध्या स्क्रूनं मारलेला. दुसरं टोक चाकाच्या कमानीच्या पत्र्यावर, खाली नखाएवढा वायसर, म्हणजे बोल्टखालची चकती. मी पट्टा मुठीला गुंडाळून पाय टेकवून ओढला तर प्लायचा तुकडा हातात आला. कमरेच्या बेल्टच्या जोडणीची आंतरराष्ट्रीय चाचणी होते तेव्हा प्रवासी कारमध्ये त्यावर सुमारे सव्वादोन टन ओढ लावतात. पत्र्याला नुसतं भोक पाडून लावलेला बोल्ट त्याच्या जवळपासही टिकत नाही, वायसरसकट पत्रा फाडून वर येतो.

लावायचाच असेल तर असा लावा. टोकं शक्य तिथे चेसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) किंवा चेसीवर बसलेल्या आडव्या मेंबरला न्या. जिथे पत्र्यातूनच जावं लागतं तिथे खालून किमान तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी बॅकिंग प्लेट द्या, तिच्या कडा घासून गोल करा, नाहीतर त्या कडाच पत्रा कापतात. बोल्ट बेल्टचाच हवा, ७/१६ इंची, बारीक आट्यांचा, उच्च ताकदीचा. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चालत नाही. पट्टा पोटावरून नव्हे, मांड्यांच्या मुळाशी, कंबरेच्या हाडावरून गेला पाहिजे, म्हणून टोकं सीटच्या मागच्या कोनात खाली हवीत. भंगारातले बेल्ट घेऊ नका. एकदा अपघात सोसलेला पट्टा वरून नवा दिसतो, पण त्याचे धागे ताणलेले असतात. हे सगळं नीट करूनही हा जुगाडच राहतो. कंपनीच्या चाचणीचा शिक्का त्यावर नाही, हे मी गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधी सांगतो.

सीट फिरवून पुढे तोंड करण्याबद्दल. युट्यूबवर सोपं दिसतं: आडव्या फळ्या काढा, दुसऱ्या गाडीची सीट आणा, ब्रॅकेट वेल्ड करा. पहिली अडचण यांत्रिक आहे. पुढे तोंड असलेल्या सीटच्या पायांवर येणारा जोर पूर्ण वेगळा असतो, त्यासाठी त्या जागेची फ्लोअर बनलेलीच नाही. खांद्याच्या बेल्टचं वरचं टोक कुठे बांधणार? रोल बारला, जो स्वतः चार बोल्टवर पत्र्याला बसवलाय? दुसरी अडचण कायद्याची. कलम ५२ प्रमाणे कंपनीनं नमूद केलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर कोणी अडवणार नाही असं म्हणाल, आणि बहुतेक वेळा खरंही ठरेल. पण तुमची गाडी २०१४ ची, म्हणजे २०२९ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण येईल. गाडी नागपूरच्या कुठल्याही आरटीओची असो, एमएच ३१, ४० की ४९, इन्स्पेक्टर आरसी हातात धरून मागे डोकावणारच. त्याआधी अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर डोकावेल, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा लटकवायला त्याला वेल्ड केलेली सीट आयतं कारण मिळेल.

विम्याचं निघालंच आहे तर, खासगी गाडीवर फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आत बसलेल्या घरच्यांना तिचं संरक्षण मिळेल असं धरून चालू नका. पॅकेज पॉलिसी घ्या आणि प्रवाशांसाठीचं वैयक्तिक अपघात संरक्षण आरसीवरच्या आसनसंख्येइतकं जोडून घ्या. त्याला फार पैसे लागत नाहीत.

मुलीचं स्वतंत्र सांगतो. मुलांची सीट आडव्या फळीवर बसवता येत नाही. ती बनवणारी कंपनीच सांगते की गाडीच्या सीटचं तोंड पुढेच हवं. मांडीवर घेऊन बसणं त्याहून वाईट. वरच्याच हिशेबानं वीस किलोचं लेकरू त्या क्षणी पावणेतीनशे किलोचं होतं, कोणत्याही आईच्या हातातून सुटतं. तुमच्या थारमध्ये पुढे तोंड असलेल्या सीट दोनच. जुन्या थारला एअरबॅग नाही, त्यामुळे एअरबॅगचा फटका लेकराला बसण्याची भीती इथे नाही. म्हणून मुलगी पुढच्या डाव्या सीटवर, बूस्टर सीटवर (मुलाला उंच करून बेल्ट नीट बसवणारी सीट), तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट लावून. सीट जितकी मागे जाईल तितकी न्या. पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध आणि खाली मांडीवर येतोय का, ते घरीच बसवून बघा. पट्टा काखेखालून घेऊ देऊ नका. मुलं टोचतं म्हणून तसंच करतात.

मग आई आणि बायको? सरळ सांगायचं तर चौघांच्या लांब प्रवासासाठी ही गाडी नाही. हायवेसाठी चारही सीट पुढे तोंड असलेली गाडी मागा, भावाची, मेव्हण्याची, नाहीतर भाड्याची. थार न्यायचीच हौस असेल तर तुम्ही आणि मुलगी थारमध्ये पुढे, आणि सासू-सून दुसऱ्या गाडीत. एसटीनं परतवाड्यापर्यंत आल्या तरी मला वाटतं त्या जास्त सुखात पोचतील. वर चिखलदऱ्यात एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटला वीस-तीसच्या वेगात जाताना मोठी माणसं मागे बसली, कमरेचा बेल्ट लावला, तर माझी हरकत नाही. पुढच्या सीटच्या पाठीजवळ बसवा, दाराजवळ नको. घाट चढता-उतरताना मात्र मागे कोणी नको.

मागे माणसं असतील तेव्हा मधल्या जागेत सुटं सामान ठेवू नका. जॅक, पान्यांची पेटी, पाण्याचा कॅन, गाडीचं कुलर, संत्र्याची पेटी, काहीच नको. समोरासमोर बसलेल्यांच्या मध्ये ठेवलेली लोखंडी पेटी धडकेत कोणाच्या नडगीवर जाईल ते सांगता येत नाही. माणसं नसतील तर फळ्या वर दुमडा आणि सामान जाळीनं फ्लोअरच्या हुकांना बांधा. फळी काढून टाकायचीही गरज नाही, आणि आरसीशीही विसंगती येत नाही. या गाडीच्या मागच्या भागाचा हाच सगळ्यात चांगला उपयोग आहे.

पुढेमागे गाडी बदलायचा विचार झालाच, तर वरून दणकट दिसते एवढ्यावर जाऊ नका. बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एकच तारा दिला, आणि तिच्याही मागे आडव्या जंप सीटच आहेत, ज्या आपल्याकडे लेकरांच्या म्हणून राखीव असतात. पाच दाराच्या थार रॉक्सला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्या देशातल्या तशाच चाचणीत, पाच तारे आहेत. सेकंडहँड तीन दाराची थार बघायला गेलात आणि ती २०२० च्या अखेरची निघाली, तर मागचं दार उघडून सीटची दिशा बघा, आरसीवरची आसनसंख्या वाचा. आडव्या सीटच्या मूळ गाडीत नंतर कोणी पुढे तोंड असलेली सीट बसवलेली असेल तर खालच्या ब्रॅकेटवर वेल्डिंगची उंचवट्याची रेघ आणि वेगळ्या रंगाचा प्रायमर दिसेल. तसं दिसलं तर भाव करत बसू नका, दुसरी गाडी बघा.